दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर आढळल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (माहिती साठवणारी अधिक वेगवान डिस्क) बसवण्यासाठी मी माझा लॅपटॉप ३ नोव्हेंबर रोजी आपल्या टिळक रस्त्यावरील सेवा केंद्रात दिला होता. काम चार दिवसांत झाले, वेगही वाढला. त्याबद्दल तक्रार नाही. पैसे देताना आपल्या तंत्रज्ञांनी ‘अँटिव्हायरस आमच्यातर्फे मोफत टाकला आहे’ असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला.

दोनच दिवसांत क्रोमचे सर्च इंजिन आपोआप बदलले, म्हणून मी विंडोज सिक्युरिटी, म्हणजे विंडोजमधील सुरक्षेचे पान, उघडून पाहिले. तेथे तपासणीतून वगळायच्या फोल्डरांच्या यादीत, मी कधीही न घातलेला एक फोल्डर होता आणि त्या अँटिव्हायरसचा परवाना चुकवणारी क्रॅक फाइल त्यातच ठेवलेली होती. चोराला घरात घ्यायचे आणि राखणदाराला त्या खोलीकडे फिरकू नकोस असे बजावायचे, तसाच हा प्रकार आहे. तो फोल्डर त्या यादीतून काढून मी डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, ऑफलाइन तपासणी केली, जी विंडोज सुरू होण्याआधीच चालते, तेव्हा त्याच फाइलमध्ये पासवर्ड चोरणारे स्पायवेअर असल्याचे दिसले. शिवाय टास्क मॅनेजरमधील, संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या (स्टार्टअप) यादीत, बाहेरून संगणकाचा ताबा घेता येईल असा एक प्रोग्रॅमही चालू होता.

या लॅपटॉपवर मी आमच्या सोसायटीचे हिशेब ठेवतो. त्यात ४२ सभासदांची माहिती आहे. ब्राउझरमधील कुकीजही (आपण खात्यात आधीच लॉगइन केले आहे हे लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरीला जाऊ शकत असल्याने नुसते पासवर्ड बदलून भागत नाही, म्हणून दुसऱ्या संगणकावरून प्रत्येक खाते सगळीकडून लॉगआउट करण्यात माझे दोन दिवस गेले, आणि या सभासदांना काय सांगावे ही चिंता अजून संपलेली नाही.

ही फाइल कोणी, कोठून आणून टाकली याचा लेखी खुलासा करावा. माझी जुनी हार्ड डिस्क मला परत मिळालेली नाही. तिच्यात माझी सर्व माहिती आहे, ती तात्काळ द्यावी. हाच ‘मोफत’ अँटिव्हायरस ज्या ग्राहकांना दिला, त्या प्रत्येकाला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना, आपण स्वतः फोन करून सावध करावे, ही माझी सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

मालकाच्या परवानगीविना संगणकात असे सॉफ्टवेअर घालणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी सायबर पोलिसांकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. लॅपटॉप फॉरमॅट करण्यापूर्वी मी सर्व स्क्रीनशॉट जपून ठेवले असून त्यांच्या प्रती बिलासह सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक
सदाशिव पेठ, पुणे