फ्युएल पंप याच आठवड्यात बदलून घे

कोथरूड, पुणे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या गाडीला फ्युएल पंपाचा रिकॉल निघालाय, म्हणजे सदोष पंप बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावलीय. गाडी मात्र कुरबुर न करता चालतेय, आणि ऑफिसातले म्हणतात की चालत्या गाडीला उगाच हात लावून घेऊ नकोस. माझं मत आधी सांगते. काम करून घे, याच आठवड्यात घे, आणि ते होईपर्यंत साताऱ्याला गाडी नेऊ नकोस. स्वारगेटहून एसटी भरपूर आहेत.

हा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तिथून पेट्रोल इंजिनकडे ढकलतो. त्यात प्लॅस्टिकची एक चपटी, कडेला दाते असलेली चकती गरगर फिरते, तो इम्पेलर. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला साधारण तीन-चार बारचा दाब लागतो. तो मिळायचा तर चकती आणि तिच्याभोवतीचं घर यांतली फट अगदी बारीक ठेवावी लागते. प्लॅस्टिकची घनता कमी राहिली असेल तर ते हळूहळू पेट्रोल शोषतं, फुगतं, आणि चकती घराला घासायला लागते. मग पंप मंदावतो किंवा सरळ अडकतो, आणि पेट्रोलअभावी इंजिन बंद पडू शकतं. डेन्सो या सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या पंपांत हाच दोष निघाला आणि जगभर कितीतरी कंपन्यांना गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे होंडाने २०२० मध्ये ६५,६५१ गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून आणखी ९० हजारांवर जुन्या गाड्या. मारुतीनेही २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठीच बोलावल्या होत्या.

प्लॅस्टिक फुगायला वेळ लागतो, म्हणून ‘आज गाडी छान चालते’ यावर फार विसंबता येत नाही. गरम इंजिन उशिरा स्टार्ट होणं, चढावर दम कमी पडणं, एकसारख्या वेगात असताना हिसका बसणं, चेक इंजिनचा दिवा लागणं, ही त्याची लक्षणं. पण ती आधी दिसतीलच असं नाही. रिकॉल झालेल्या लॉटमधला प्रत्येक पंप बिघडतो असंही नाही. तुझा पंप कुठल्या गटातला, हे मात्र टाकीत बसलेल्या पंपाकडे बाहेरून बघून कळत नाही.

आता तू साताऱ्याहून परत येतेस तो रस्ता डोळ्यांसमोर आण. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे आणि मागे भरलेले ट्रक असतात. तिथे इंजिन बंद पडलं तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्युम एक-दोन वेळा साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होऊ शकतं. तशी वेळ आलीच तर ब्रेक एकदाच दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. सोडून परत दाबला की व्हॅक्युम खर्च होतो. किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. हॅझर्ड लावून डावीकडे घ्यायची. हे सांगून ठेवतेय, पण वर्कशॉपमधला एक सकाळचा वेळ दिला तर हे करायची वेळच येणार नाही.

काम होईपर्यंत टाकी पाव ते अर्धी ठेव. पावाच्या खाली नको, कारण पंपाला गार ठेवायचं काम पेट्रोलच करतं. अर्ध्याच्या वर नको, कारण पंपाचं झाकण टाकीच्या माथ्यावर असतं आणि भरलेली टाकी उघडली की पेट्रोल सांडतं. वर्कशॉपवालेही टाकी भरलेली असली की गाडी परत पाठवतात.

कंपनीचा निरोप शेवटपर्यंत वाचलास ना? खरी गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या वाक्यात असते. मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असा सल्ला दिला होता. २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिटसाठी (इंजिनला जोडलेली विजेची मोटर) १,८१,७५४ गाड्या बोलावल्या तेव्हा सांगितलं होतं की साठलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका. पावसाळ्यात सिंहगड रोडने जाणाऱ्याला ती अट किती महत्त्वाची! तुझ्या निरोपात अशी काही अट असेल तर ती माझ्या सल्ल्याच्याही वर समज.

दुसरं, तुझी गाडी सेकंडहँड आहे. कंपनीचे मेसेज बहुधा पहिल्या मालकाच्या नंबरवर जातात, त्यामुळे तुला आलेला हा एकच रिकॉल आहे असं धरून चालू नकोस. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघ. तो आरसीवर असतो. १७ अक्षरं-आकडे असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत. गोल दिसेल ते शून्यच. हा गोंधळ झाला की साइट गाडी सापडत नाही म्हणते आणि माणूस सुटलो समजतो. एअरबॅगचा रिकॉल प्रलंबित आहे का, ते आवर्जून बघ. तुझी गाडी एमएच-०४, म्हणजे ठाण्याच्या दमट हवेत राहिलेली. टकाटा कंपनीच्या ज्या एअरबॅगमुळे जगभर माणसं गेली, त्यांतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आणि उष्णतेने बिघडतं. अपघातात ते हवं त्यापेक्षा वेगाने पेटतं आणि एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरचं धातूचं कवच फुटून तुकडे ड्रायव्हरच्या मानेत-चेहऱ्यात घुसतात. तिथे तसं काही निघालं तर मला लगेच फोन कर, आणि गाडी जागेवरून हलवू नकोस.

खर्चाचं म्हणशील, तर वॉरंटी संपली, गाडी बाहेर सर्व्हिस केली, मालक बदलला, यातल्या कशानेही रिकॉलचं काम पैशाचं होत नाही. सरकारने सक्तीने रिकॉल करायला लावण्याचा नियम एप्रिल २०२१ पासून लागू आहे आणि तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. पण कंपनीने आपणहून जाहीर केलेल्या रिकॉलला ती मर्यादा नाही.

वर्कशॉपला जाण्याआधी फोन करून विचार की तुझ्या चासी नंबरवर पार्ट आलाय का. आला नसेल तर गाडी तिथे ठेवू नकोस, पार्ट बुक केल्याचा मेसेज घे. जॉब कार्डवर रिकॉलचं काम स्वतंत्र लिहिलेलं असू दे, समोर रक्कम शून्य, शिवाय किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर इंजिन फ्लश, एसी क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी असं काहीबाही सुचवेल. त्या दिवशी सगळ्याला नाही म्हण. सर्व्हिस वेगळी करू.

बहुतेक गाड्यांत मागची सीट काढून खालच्या झाकणातून पंप काढतात. आधी पाइपमधला दाब उतरवतात आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडतात. पंप नवा बसवताना टाकीच्या तोंडावरचा रबरी सीलही नवाच हवा, हे आठवणीने विचार. जुना सील फुगलेला असतो, तो परत नीट बसत नाही. काम झाल्यावर किल्ली ऑन करून ऐक, मागून दोनेक सेकंद बारीक घूं आवाज यायला हवा. पेट्रोलचा काटा आधी होता तिथेच आहे ना, बघ. पंप घालताना पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटची तार वाकली तर काटा खोटं दाखवतो. मागच्या सीटवर दाबून हुक बसल्याची खात्री कर, आणि बेल्टची बकलं सीटखाली दबलेली नाहीत ना, तेही बघ. हे फार वेळा होतं आणि मागे माणूस बसेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ आणि काचांचा ऑटो-अप परत सेट करावा लागेल, तो बिघाड समजू नकोस.

नंतर वाकडला जातानाच टाकी फुल कर. सील नीट बसला नसेल तर पेट्रोलचा वास फुल टाकीलाच येतो, अर्ध्या टाकीला कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्याबरोबर हुंगून बघ. वास आला तर गाडी सुरू न करता वर्कशॉपला फोन कर, ते टो करून नेतील.

शनिवारी तिथे गर्दी असते. मधल्या वारची वेळ मिळाली आणि तुला सुट्टी नसेल तर आदल्या रात्री गाडी इकडे आणून लाव, मी घेऊन जाईन. आरसीची प्रत, किल्ली आणि तुला आलेला मेसेज एवढं माझ्याकडे दे. ओटीपी तुझ्या नंबरवर येईल, तेवढा फोन जवळ ठेव.

तुझी
आई