मारकुट्या पोराला वर्गाबाहेर काढण्याआधी

मा. संपादक,

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की खान्देशात तक्रारी येऊ लागतात. पोऱ्या वांड आहे, मारतो, चावतो, दप्तर फेकतो. शाळेचा उपाय ठरलेला: वर्गाबाहेर उभा करा, पालकांना बोलवा. घरी वडिलांचे दोन रट्टे पडतात ते वेगळेच. हा उपाय काही मुलांवर वाया जातो आणि काहींवर उलटतो.

चिंताग्रस्त मुलं बहुधा गप्प असतात, पोट दुखतं म्हणतात. पण पळायला वाट उरली नाही की त्यांचाही हात उठतो. अशा मुलाला सर्वांसमोर वाचायला उभं केलं, त्यानं शेजाऱ्याला मारलं आणि आपण त्याला बाहेर काढलं, तर त्याचं वाचन टळलं. मारलं की सुटका होते, हे तो लगेच शिकतो. त्याला थांबवावं, शांत होऊ द्यावं आणि मग तेच काम छोटं करून द्यावं: बाईंजवळ बसून एकच ओळ वाच. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत घर सोडून आलेलं, पावरी किंवा भिली बोलणारं सहा वर्षांचं मूल चावू लागलं, तर पहिली शंका भीतीचीच घ्यावी.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावळेपणा यांचा विकार, असलेल्या मुलाचं निराळं. रांगेत धक्का लागला की त्याचा हात आधी चालतो. पाच मिनिटांनी त्याच पोराशी खेळायलाही तयार. संध्याकाळच्या शिक्षेचा त्या धक्क्याशी संबंध त्याला लागत नाही. त्याला तिथल्या तिथे, मोजक्या शब्दांत अडवावं. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन द्यावी. अभ्यास दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत घ्यावा. रांगेत नीट उभा राहिला तर तेही लगेच बोलून दाखवावं. नेमकं हेच राहून जातं.

दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. म्हणून दोन आठवडे वहीत लिहा: मारण्याआधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. वेळही टाका. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध चालू असलेली काही मुलं त्याचा असर उतरताना, दुपारनंतर, जास्त चिडतात आणि घरचे परस्पर गोळी बंद करतात. डॉक्टरांना वेळ सांगितली तर मात्रा किंवा वेळ बदलता येते.

निदान मात्र वहीवरून करू नये. एडीएचडीसाठी लक्षणं किमान ६ महिने, वयाच्या १२ वर्षांआधीपासून आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. फक्त शाळेतच मारत असेल तर आधी वाचन-लेखनातली अडचण, कान आणि इतर मुलांकडून होणारा त्रास तपासा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीही आहे. पथक शाळेत आलं की वही त्यांच्यासमोर ठेवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि छडीबद्दल एवढंच, शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ नं ती बंद केली आहे.

– एक बाल समुपदेशक, धुळे