शर्यतीला जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री आपल्या सोलापुरात विजापूर रोडवर सायलेन्सर बदललेल्या गाड्या पळवणाऱ्या पोरांवर कारवाई करा, अशी पत्रं या सदरात अधूनमधून येतात. कारवाई व्हायलाच हवी. पण दंड भरून गाडी सोडवली की पोरगं पुन्हा त्याच रस्त्यावर! माझी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये झाली, म्हणून थोडं वेगळं सुचवतो.

उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात गेलो होतो. तिथल्या विन्स्टन-सेलम शहरात महापालिकेच्या मालकीचं बोमन ग्रे स्टेडियम आहे. 1930च्या दशकातल्या मंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारी योजनेतून बांधलेलं. आपल्याकडच्या दुष्काळी कामांतलाच प्रकार. मध्ये अमेरिकन फुटबॉलचं मैदान आणि भोवती पाव मैलाचा, म्हणजे जेमतेम चारशे मीटरचा लंबगोल डांबरी ट्रॅक. 1949पासून तिथं नॅस्कारच्या, म्हणजे मोटार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, शर्यती होतात, हल्ली उन्हाळ्यात शनिवारी रात्री. रिचर्ड पेटी या नामांकित ड्रायव्हरचा शंभरावा विजय 1969मध्ये इथलाच.

मला मात्र पळणाऱ्या गाड्यांपेक्षा उभ्या गाड्यांत जास्त रस. ट्रॅक सपाट, वळणाला चढ दिलेला नाही आणि वळायचं फक्त डावीकडे. म्हणून मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेरानं मोठं बसवतात. गाडी आपसूक डावीकडे ओढ घेते. वजनही होईल तेवढं डाव्या अंगाला. अशी एस.टी. मी डेपोतून बाहेर सोडली असती तर फोरमननं मेमोच हातात दिला असता. ट्रॅकवर धक्काबुक्की भरपूर. एकानं दुसऱ्याला मागून ढोसलं की निम्मं स्टेडियम टाळ्या वाजवतं, उरलेलं शिव्या घालतं.

पार्क मैदानावर गाड्या आणा, असं माझं म्हणणं नाही. तिथं क्रिकेटच चालू दे. शहराबाहेरच्या एखाद्या माळावर पाव मैलाचा मातीचा ट्रॅक, भक्कम कठडा, हेल्मेटची सक्ती, लायसन आणि गाडीची तपासणी, जागेवर रुग्णवाहिका आणि महिन्यातून एक रविवार. महापालिका, आरटीओ आणि पोलीस एकत्र बसले तर हे अवघड नाही. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँला तिकीट काढून गर्दी करणारं आपलं गाव. प्रेक्षकांची चिंता नको. गाड्या तपासायला आम्ही रिटायर मेकॅनिक मंडळी फुकट येऊ. ब्रेक बघायचं काम माझ्याकडे द्या.

आपला,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक, सोलापूर