अ‍ॅप मुलांच्या हातात नको, आईबाबांच्या हातात हवं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका हे पेपरात नेहमी वाचते आणि पटतंच, पण आमच्याकडे जे झालं त्यावरून मला थोडं वेगळं सांगायचंय. मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा दात घासायला तोंडच उघडेना, म्हणून मी ब्रशिंगचं एक अ‍ॅप घेतलं, त्यात एक कार्टून २ मिनिटं गाणं म्हणत दात घासतं आणि शेवटी स्टार मिळतो. पहिले चार दिवस काय खूश होतो आम्ही! मग लक्षात आलं की ती टक लावून स्क्रीनकडे बघतेय आणि ब्रश नुसताच तोंडात धरलाय. पंधरा दिवसांत तर अशी वेळ आली की फोन चार्जिंगला असला की ब्रश नाहीच, थेट भोकाड. सवय लागली ती फोनची.

ते अ‍ॅप काढलं, पण मोबाईलची मदत घेणं काही सोडलं नाही. आता रात्री ८ ला रिमाइंडर येतो, दात, गोष्ट, झोप, आणि तो मला येतो, तिला नाही. फोन बाजूला ठेवून मी माझा ब्रश घेऊन तिच्यासमोर उभी राहते, मी तिचे दात घासते, मग ती माझे घासते, हे तिला फार आवडतं. ३ वर्षांच्या आतल्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच फ्लोराइडची टूथपेस्ट पुरते हेही मला पालकांसाठीच्या एका अ‍ॅपमध्येच कळलं, तोवर मी जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लावत होते.

खाण्याचंही तसंच. नवीन पदार्थ मुलं थुंकतातच, कधी आठ-दहा तर कधी पंधरा वेळा समोर आला की मग खायला लागतात, आणि मी तिसऱ्याच वेळी "हिला नाही आवडत" म्हणून सोडून देत होते. अ‍ॅपमध्ये टिपत गेले म्हणून धीर राहिला, अकराव्या वेळी तिने आपणहून उचलून खाल्लं. पण त्याच अ‍ॅपमध्ये आज किती घास खाल्ले ते भरायचा रकाना होता आणि तो भरायच्या नादात मी जबरदस्ती करायला लागले, अजून दोन घास, अजून दोन घास. शेवटी तो रकाना बंदच केला. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते आपण बघावं, किती खायचं ते तिच्या पोटाला कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि तोही जितका कमी तितकं चांगलं. १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात १८० मिनिटं तरी हालचाल व्हायला हवी. मग चांगल्या सवयी लावायच्या नावाखाली अ‍ॅपच मुलांना स्क्रीनपुढे बसवणार असेल तर काय उपयोग?

स्वीडनमध्ये मिनिस्टॉप नावाच्या अ‍ॅपची चाचणी झाली होती, मुलं ४ वर्षांची पण अ‍ॅप आईवडिलांसाठी. ६ महिन्यांनी मुलांच्या अंगातल्या चरबीत फरक नव्हता, खाण्यापिण्याच्या आणि हालचालीच्या सवयी एकत्र मोजल्या तेव्हा मात्र सुधारणा दिसली, आणि अ‍ॅप बंद झाल्यावर तीही टिकली नाही. मला वाटतं आपल्याला आठवण लागते ती सतत लागते, दमलेल्या आईबापाला तर जास्तच.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की दोन ओळींचा मेसेज द्या आणि थांबा. एक दिवस चुकला की स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटली म्हणून लाल खूण दाखवू नका, ती बघून राग मुलावर निघतो. मुलाचा फोटो, जन्मतारीख कशाला मागता? आणि संपादक साहेब, तुम्ही अशा अ‍ॅपची माहिती छापता तेव्हा एक ओळ नक्की टाका, की हे मुलाला द्यायचंय की आईबाबांनी वापरायचंय.

आपली,
एक वाचक आई