कोर्टाचं पाकीट येईल, घाबरू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दांडिया बाजारच्या पत्त्यावर थोड्या दिवसांत इथल्या, अमेरिकेतल्या कोर्टाचं पाकीट येईल. फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय.

मी आणि समीरनं दिवाळखोरीचा अर्ज केलाय, चॅप्टर ७ खाली, म्हणजे इथल्या कायद्याच्या ज्या भागात बरीचशी देणी माफ होतात त्याखाली. अप्पांच्या वेळचं सगळं तुमच्या डोळ्यांपुढे येणार, मला कळतंय. पण बाबा, इथे कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो काही लपवण्याचा. समीरच्या ऑपरेशननंतर विम्यानं न दिलेली बिलं क्रेडिट कार्डांवर गेली, आणि पगारातून नुसतं व्याजच जात होतं. आणखी वर्षभर ओढलं असतं तरी कर्ज तेवढंच राहिलं असतं. सगळे हिशेब करून पाहिले हो.

वकीलबाईंनी बिलांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. कर भरल्याचे कागद, पगाराच्या पावत्या, कोणाचं किती देणं, सगळं लिहून घेतलं. आमचं उत्पन्न या अर्जात बसतं का तेही त्यांनीच तपासलं. अर्ज दाखल झाला आणि वसुलीचे फोन कायद्यानंच बंद झाले. आता समीर जेवताना फोन उलटा ठेवत नाही. पुढे ट्रस्टी, म्हणजे आमचं प्रकरण तपासायला नेमलेला माणूस, व्हिडिओवर शपथेवर प्रश्न विचारेल, तेव्हा वकीलबाई सोबत असतील. सगळं सुरळीत झालं तर काही महिन्यांत बिलं आणि कार्डांची देणी माफ होतील. समीरचं शिक्षणाचं कर्ज मात्र राहील, आणि क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षं नोंद दिसेल. तेवढं आम्ही धरून चाललोय.

आता तुमच्या पैशांचं. एफडी मोडून पाठवलेले सहा लाख मला सगळ्यांत आधी फेडायचे होते. वकीलबाईंनी थांबवलं. अर्जाआधीच्या वर्षात घरच्यांना फेडलेले पैसे ट्रस्टी परत मागू शकतो, म्हणजे त्यानं तुमच्याच दारात येऊन मागितले असते. शिवाय ज्यांचे पैसे आम्ही देणं लागतो त्या प्रत्येकाचं नाव यादीत द्यावंच लागतं, त्यात बाबांचंही आलं. पाकीट येणार ते त्यासाठीच. त्यावर सही करू नका, उत्तर पाठवू नका, फक्त फोटो काढून मला पाठवा. आणि कर्ज माफ झाल्यावर मी आपणहून पैसे परत केले तर कायदा अडवत नाही, हे वकीलबाईंकडून दोनदा विचारून घेतलंय. तुमचे पैसे मी देणार, बाबा. माफ झाले म्हणून विसरणार नाही.

आई, तुझ्या लॉकरमधल्या माझ्या पाटल्यासुद्धा यादीत लिहिल्या. भारतातलंही सांगावंच लागतं. स्वतःकडे ठेवू देतात त्या वस्तूंच्या सवलतीच्या मर्यादेत बसतात, लॉकर उघडायला कोणी येणार नाही. लिहिताना सुरसागरच्या तलावाकाठी तू माझा हात घट्ट धरून चालायचीस ते आठवलं. त्या पाटल्या माझ्या हाताला टोचायच्या आणि मी तक्रार करायचे.

बाबा, वाड्यातला आपला भाग विकायचा विचार कृपा करून सोडा. दलालाला घरात घेऊ नका, कागदांवर माझं नाव चढवायचं काढू नका, आणि आणखी पैसे तर अजिबात पाठवू नका. माझ्यासाठी करायचंच असेल तर गिझर दुरुस्त करून घ्या, थंडीच्या आत. बीपीची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, आठवण झाली की घेऊ असं चालणार नाही. आईनं गुडघ्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत आणि माळ्यावर चढायचं नाही. काही काढायचं असेल तर शेजारच्या काकांना हाक मारा.

आम्ही दोघं नीट जेवतोय, समीरची तब्येत सुधारतेय. भाड्याचं घर तेच आहे, नोकऱ्या तशाच आहेत. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मला कशाचंही वाईट वाटणार नाही. रविवारी फोन करते, तेव्हा आईनं आधी गिझरचं सांगायचं.

तुमची,
मनू