नानांचा फ्लॅश

मिरज,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. आजोबा झालास, अभिनंदन! फोन हातात असताना तू चार पानं लिहिलीस, म्हणजे नातीनं तुला पुरता पाघळवलेला दिसतोय.

नातीच्या बारशाचे फोटो काढायला माळ्यावरून नानांचा कॅमेरा काढलास हे वाचून मीच जरा वेळ गप्प बसलो. दहावीच्या निरोप समारंभाचा आपला फोटो त्याच पेंटॅक्स के १०००वर काढलेला. नाना स्टुलावर चढले होते, फ्लॅश चमकला आणि तू नेमके डोळे मिटलेस. तुझे डोळे मिटलेली ती प्रत अजून माझ्याकडे आहे. वहिनींना हवी असल्यास पाठवतो.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर येतो. 'फ्लॅश ऑटोमॅटिक आहे, म्हणजे आपण काही करायला नको.' इथंच माझ्या पोटात गोळा आला. त्या ऑटोला एकच काम येतं, उजेड थांबवणं. बाकी सगळं तुलाच करायचंय.

तुझ्याकडचा व्हिव्हिटार २८३ आतून कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. चार पेन्सिल सेलचे सहा व्होल्ट आत चढवून तीनशेच्या आसपास नेले जातात आणि कपॅसिटरमध्ये साठतात. चालू केल्यावर बारीक शिट्टी ऐकू येते ती याचीच. दिवा लागला की माल तयार. शटर दाबलं की झेनॉन वायूच्या नळीतून ती वीज एकदम निघते. ही नळीची विद्या अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टननं १९३०च्या दशकात नावारूपाला आणली. फ्लॅशच्या पुढच्या अंगाला एक छोटा डोळा आहे. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की नळी बंद करतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही झटकन. आधीच्या ऑटो फ्लॅशमध्ये उरलेली वीज आतल्याच दुसऱ्या नळीत फुकट जाळत. थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच आला तेव्हापासून उरलेली वीज कपॅसिटरमध्येच राहते, म्हणून जवळचा फोटो काढला की दिवा लगेच पुन्हा लागतो.

पण त्या डोळ्याला समोर बाळ आहे की भिंत हे कळत नाही. लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, किती ठेवलंयस, आत कुठला रोल आहे, यातलंही काही कळत नाही. तू फ्लॅशवरच्या चकतीवर जे सांगशील तेच त्याला खरं.

फ्लॅशच्या मागे नानांनी चिकटपट्टीचा तुकडा लावून बॉलपेननं लिहिलंय ना, 'निळा, ८, १५ फूट'? निळा म्हणजे चकतीवरच्या ऑटोच्या रंगांपैकी एक, ८ म्हणजे अॅपर्चरचा एफ आकडा, तो लहान तितकं भोक मोठं. हिशेब अगदी बरोबर आहे. या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, १०० एएसए वेगाच्या रोलला फुटांत १२०, त्याला ८नं भागलं की १५. मात्र तो हिशेब १०० एएसएच्या रोलचा. तू आणलेला रोल २००चा आहे. चकती २००वर नेलीस की निळ्याला एफ ११, लालला एफ ५.६ आणि पिवळ्याला एफ ४ येईल. पट्टी काढू नकोस, नानांचं अक्षर आहे. तिच्याखाली दुसरी लाव.

शटर ६०वर, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. याच्यावर अजिबात नाही. के १०००चं शटर म्हणजे कापडाचे दोन पडदे, आडवे सरकतात. ६०पर्यंत दोन्हींच्या मधली फट अख्ख्या फ्रेमएवढी उघडी असते आणि फ्लॅश त्याच क्षणी पेटतो. १२५ला पहिला पडदा पोचेपर्यंत दुसरा निघालेला असतो. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, मामेबहिणीच्या लग्नानं शिकवलं. भर मांडवात शटरच्या चकतीला बोट लागून ती ६०वरून १२५वर गेली आणि मला पत्ताच नाही. फोटो आले तेव्हा नवरदेव लख्ख, हातातल्या हारासकट, आणि शेजारी मामेबहिणीच्या जागी काळा पडदा. एक नाही, सतरा फोटो! मामांनी ते एकेक करून बघितले, पाकिटात परत घातले आणि म्हणाले, "अर्धं लग्न लागलं म्हणायचं." आजही त्यांच्याकडे जेवायला गेलो की हा विषय भाजीच्या आधी ताटात पडतो.

तुला यातून वाचायचं असेल तर रोल भरण्याआधी एक कर. कॅमेऱ्याचं मागचं दार उघड, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेव, पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहा आणि मागून आत बघत शटर दाब. फ्लॅशबरोबर अख्खी चौकट उजळलेली दिसली की सिंक, म्हणजे शटर-फ्लॅशचा मेळ, ठीक. मग मुद्दाम १२५ला करून बघ. माझी मामेबहीण कुठं गेली ते कळेल.

फ्लॅशचीही परीक्षा घे. टेस्ट बटण दाबताना तळहात फ्लॅशच्या त्या छोट्या डोळ्यासमोर वीतभर धर. उजेड बारीक पडला पाहिजे आणि दिवा लगेच परत लागला पाहिजे. नंतर रात्री गॅलरीतून मोकळ्या अंधाराकडे रोखून दाब. आता पूर्ण ताकदीनं चमकेल आणि दिव्याला आठ-दहा सेकंद लागतील. दोन्ही वेळा सारखाच चमकला तर ऑटो मेलाय असं समज आणि मला फोन कर.

त्याआधी सेलची पेटी ओढून बघ. इतकी वर्षं सेल आतच राहिले असतील तर पत्र्यांवर पांढरंहिरवं धरलं असेल. कापसाच्या काडीला जरासं व्हिनेगर लावून पूस, नीट कोरडं कर. नवे अल्कलाइन सेल घाल. पहिल्यांदा दिवा लागायला मिनिटभर घेईल, घाबरू नको, कपॅसिटर झोपलेला आहे. दहा-पंधरा मिनिटं तसाच चालू ठेव, मग चमकव. असं तीन-चारदा केलं की जागा होतो. स्क्रू मात्र खोलायचे नाहीत. सेल काढल्यावरही आत वीज राहते आणि ती चांगली झटका देते. आणि चिरंजीवांना ताकीद दे, हा फ्लॅश त्याच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायचा नाही. जपानमध्ये बनलेल्या जुन्या नगांच्या तळाच्या टोकावर दोनशे व्होल्टच्या वर निघतात. नानांच्या कॅमेऱ्यात नुसता धातूला धातू टेकतो, त्याला फरक पडत नाही. त्याच्या कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक्स जळून जाईल आणि बोलणी मला बसतील.

आता बारसं. बाळाच्या तोंडावर सरळ फ्लॅश मारू नकोस. एक तर वाईट दिसतं, मागच्या भिंतीवर प्रत्येकाची काळी सावली उभी राहते, आणि वहिनी तुला माजघरात येऊ देणार नाहीत. फ्लॅशचं डोकं वर वळव आणि उजेड छतावर मार. डोळा पुढेच बघत राहतो, म्हणून ऑटो चालूच असतं. त्या काळच्या माणसांनी ही सोय फार छान केली आहे. छत पांढरं आहे ना? भिंत पिस्ता रंगाची आहे ती मला आठवते. भिंतीवर मारलास तर नात पिस्ता दिसेल.

छतावरून यायचं म्हणजे उजेडाचा रस्ता लांब, वर जाणार, खाली येणार, वाटेत निम्म्याहून जास्त सांडणार. म्हणून पिवळ्यावर ठेव, लेन्स एफ ४. चमकल्यावर पुरेशा उजेडाचा दिवा लागला तर समज भागलं. तो नाही लागला तर दोन पावलं पुढे हो. व्ह्यूफाइंडरमधली मीटरची सुई काहीही सांगो, फ्लॅशच्या वेळी तिच्याकडे बघायचं नाही.

डोळा फसतो कुठं, ते मात्र लक्षात ठेव. पाळण्याच्या मागे पांढरी भिंत किंवा सगळ्या बायका फिक्या साड्यांत असल्या की त्याला वाटतं खूप उजेड झाला, तो लवकर बंद करतो, आणि फोटो मळकट येतो. तेव्हा फ्लॅश तसाच राहू दे, लेन्स मात्र एफ २.८ला उघड. उलट मागे अंधारं दार असलं तर तो ओतत सुटतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. कलर निगेटिव्ह जास्त उजेड पोटात घालते, कमी उजेड नाही, त्यामुळं शंका आली की उघडंच ठेव.

सगळ्यात जास्त फसवतं ते औक्षणाचं ताट. स्टीलचं, नवंकोरं, तुझ्याकडं वाकडं धरलेलं. छतावरचा उजेड आरशासारखा थेट डोळ्यात येतो, फ्लॅश तिथंच गप्प बसतो, आणि फोटोत ताट चकचकीत, बाळ काळवंडलेलं. माझ्याकडे असे दोन तरी फोटो आहेत. ताट जरा खाली धरायला सांग, किंवा नुसता हातभर बाजूला सरक. पितळेचं काढलं तर आणखी बरं, जुनं झालेलं पितळ इतकं चमकत नाही.

गोंधळ होईल तो पाळण्यापाशी. बाळ एकीच्या हातून दुसरीच्या हातात, वरून खालून जाईल, आणि कुणी तुझ्यासाठी थांबणार नाही. छतावर मारताना फ्लॅशला परत भरायला पाच-सहा सेकंद धर. म्हणून दरवेळी दाबत बसू नकोस. आत्या कानात कुर्र करायला वाकेल त्याच्यासाठी भरलेला फ्लॅश राखून ठेव. तिच्या पाठीत धपाटे पडायला लागले की तू हसशील आणि कॅमेरा हलेल, पण हलू दे, फ्लॅश इतका झटपट असतो की हललेलं दिसत नाही. फोकस मात्र आधीच बाळाच्या कपाळावर करून ठेव.

मी शनिवारी संध्याकाळीच पोचतो. सेलचं एक जास्तीचं पाकीट आणतोय, तेव्हा तू आणू नकोस. निगेटिव्ह धुवायला टाकशील तेव्हा पट्ट्या परत मागून घे. हल्ली स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह मागितल्याशिवाय बरेचदा मिळत नाही.

वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आणि बाळाला आशीर्वाद.

तुझाच,
बापू

ता. क. रोल भरल्यावर दोन फ्रेम पुढे घे आणि डावीकडची रिवाइंडची खुंटी बरोबर फिरतेय का ते बघ. खुंटी फिरली नाही तर फिल्म दातांत अडकलेलीच नाही, आणि तू सगळं बारसं रिकाम्या कॅमेऱ्यानं काढशील. हे कुणाच्या लग्नात झालं ते आल्यावर सांगतो.