बाल्कनी आत घेण्याआधी

मा. संपादक,

घराला जागा अपुरी पडू लागली की पहिली नजर बाल्कनीवर जाते. हौसेबद्दल तक्रार नाही; मुलं मोठी होतात, घर तेवढंच राहतं. पण बांधकामाच्या साइटवर नोकरी संपवलेला माणूस म्हणून थोडं बोलतो.

बाहेर काढलेल्या बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो. ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळईही वरच असते. फरशी उखडताना ब्रेकर जरा खोल गेला, सळईला मार बसला, की मिस्त्री वरून सिमेंट फासून मोकळा! घरमालकाला पत्ताच नसतो. त्यात कठड्याच्या जागी विटांची भिंत चढवतात. साडेचार इंची, तीन मीटर उंच भिंत म्हणजे दर मीटर लांबीला ६०० किलोंहून जास्त वजन, आणि तेही नेमकं टोकावर. काचेच्या सरकत्या खिडक्या त्यामानाने कितीतरी हलक्या.

आतली भिंत पाडतानाही तेच. आरसीसी सांगाड्यात, म्हणजे सळई-काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभ्या इमारतीत, ती बहुधा नुसती आडोशाची असते. जुन्या लोडबेअरिंग घरात तिच्यावरच वरचा मजला उभा असतो. ठोकून आवाजावरून फरक ओळखणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. टाइल्स निवडायला लोक आठवडे घालवतात, स्ट्रक्चरल इंजिनिअरला मात्र तासभरही बोलावत नाहीत.

आपल्या गृहसजावटीच्या पानावर रंगसंगतीच्या जोडीला हेही छापावं, ही विनंती.

– एक निवृत्त साइट सुपरवायझर